चार ग्लास पाणी

मला स्वयंपाक आला तो मतिमंद मुलांच्या वर्गात. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं आज वाटत नाही, पण तेव्हा फार वाटायचं, कारण त्या वर्गात मी शिकायला नव्हे, शिकवायला गेले होते. एकोणीस वर्षांची होते, इंटरला तेलुगूच्या पेपरात सपशेल आपटले होते, आणि पुढच्या परीक्षेपर्यंत घरात माझा उपयोग काय, हा प्रश्न रोज दोन्ही जेवणांच्या वेळी निघायचा. उपयोग काहीच नव्हता. आमची आई आदिलाबादेतल्या अख्ख्या आळीत नावाजलेली सुगरण. तिच्या हातची अंबाडीची भाजी खायला वडिलांच्या कचेरीतली माणसं काहीतरी कागद विसरल्याचं निमित्त काढून घरी यायची. पण तिच्याजवळ सगळे मसाले होते, सबुरी तेवढी नव्हती. मी भाकर थापायला बसले की तिसऱ्या थापेला ती म्हणायची, "सर तिकडं. भाकर करून राह्यली का जिल्ह्याचा नकाशा?" आणि माझ्या हातातला गोळा काढून घ्यायची. मग परातीवर तिच्या थापांचा तो भरभर, एका लयीतला आवाज सुरू व्हायचा, बाहेरच्या खोलीत रेडिओवर तेलुगू बातम्या लागायच्या, ज्या आमच्यापैकी कोणालाच धड कळायच्या नाहीत पण बंद करायच्या नाहीत असा वडिलांचा दंडक होता, आणि मी उंबऱ्यावर बसून राहायचे. वडील तहसील कचेरीत होते. जुन्या निजामी दफ्तरात त्यांची सगळी उमर गेली, त्यामुळे घरातही त्यांची जबान तीच. मला स्वयंपाकघरातून हाकललं की ते पेपराआडून म्हणायचे, "बाईसाहेबांची दरखास्त नामंजूर."

अशात एका संध्याकाळी कमला टीचर आमच्याकडे आल्या. ठेंगण्या, ठसठशीत कुंकवाच्या, चालताना चपला वाजवणाऱ्या. हैदराबादेत या मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या आणि कापसाच्या एका जिनिंगच्या मागे दोन खोल्या घेऊन त्यांनी वर्ग काढला होता. निम्मी मुलं मराठी घरांतली, आणि टीचरचं मराठी म्हणजे तेलुगूच्या भातात चार मराठी खडे, म्हणून त्यांना मराठी बोलणारी एक मुलगी मदतीला हवी होती. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "वंट वच्चा? खाना बनाना आता?" मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "आता है, आता है! हमारे घर में सबको आता है." आत आईला ठसका लागला. तो पुष्कळ वेळ गेला नाही. अशी माझी पहिली नोकरी खोट्यावर उभी राहिली, आणि ते खोटं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला उघडकीस आलं.

झालं असं, की टीचरनी मला मुलांसमोर कांदा चिरून दाखवायला सांगितलं. वर्गात सात जण होते, सर्वांत लहान अकरा वर्षांचा, सर्वांत मोठी वीस वर्षांची, सगळे सतरंजीवर एका ओळीत. मी सुरी घेतली, कांदा घेतला आणि धडाधड चिरायला लागले. ओळीतला नरसिंग नावाचा चौदा वर्षांचा मुलगा हळूच उठला, माझ्याजवळ आला, आणि फार काळजीच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, सालटं." मी साल न काढताच कांदा चिरत होते. टीचरनी नुसतं हसू गालात दाबलं. नरसिंगला मात्र असली मोठी बातमी दाबून ठेवता आली नाही. सुटीत फाटकाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक आईला, हमालाला आणि सरकीच्या बंडीवाल्याला त्यानं सांगितलं, "नव्या मॅडमले कांदा येत नाई." आठवडाभर जिनिंगमधले हमाल मला पाहून कांद्याचे भाव विचारत होते.

आता लोक विशेष मुलं म्हणतात. तेव्हा कागदावर मतिमंद म्हणायचे आणि आमच्या आळीत त्याहून वाईट. टीचर नुसतं "पिल्ललु" म्हणायच्या, म्हणजे मुलं, पुढं-मागं काही नाही. त्यांचं म्हणणं एकच होतं. अक्षर नंतर पाहू, आधी ज्याला भूक लागते त्याला त्या भुकेचं काहीतरी करता आलं पाहिजे. त्यासाठी त्या एकेका पदार्थाचे बारीक बारीक तुकडे करायच्या. उपमा म्हणजे मला एक वस्तू वाटायची. टीचरनी त्याचे एकोणीस तुकडे केले होते. आगपेटी कुठल्या बाजूनं उघडायची हा एक तुकडा. काडी अंगापासून लांब ओढायची हा दुसरा. रवा टाकताना दुसरा हात कुठं ठेवायचा हासुद्धा एक. मी ते सगळं "मुलांसाठी" म्हणून वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी आई देवळात गेली की चोरून करून पाहायचे. आणि टीचरचा एक कायदा होता, तो मुलांसाठी नव्हता, आमच्यासाठी होता. मूल स्वयंपाक करत असताना शिकवणाऱ्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. "चेतुलु वेनक्कि!" त्या ओरडायच्या, हात मागं! रवा सांडू दे, कांदा जाड कापला जाऊ दे, जिवाला धोका नसेल तोवर हात पुढं यायचा नाही. दिसायला सोपं आहे. करून पाहा कधी. समोरचं माणूस पाव चमचा मीठ घ्यायला दीड मिनिट लावतं आणि आपली बोटं पाठीमागं वळवळायला लागतात.

मुलांना वाचता येत नव्हतं म्हणून टीचरनी उपम्याची चित्रं काढून घ्यायची ठरवली, आणि ती निर्मल गावच्या एका म्हाताऱ्या चित्रकाराकडून. माणूस भला होता, पैसेही अर्धेच घेतले. पण आयुष्यभर त्यानं लाकडावर राजा-राणी, हरणं, वेली रंगवलेल्या. त्याच्या हातून नुसता रवा कसा निघावा? प्लायवूडच्या पाट्या आल्या तेव्हा आम्ही बघतच राहिलो. कढईला सोनेरी काठ. स्टोव्हच्या ज्वाळा कमळाच्या पाकळ्यांसारख्या. आणि मीठ टाकायच्या पाटीवर जागा रिकामी राहिली म्हणून त्यानं खिडकी काढली, आणि खिडकी रिकामी राहिली म्हणून तिच्यात एक हिरवा पोपट बसवला. सुंदर पोपट होता. नरसिंगनं त्या दिवशी पाण्यापर्यंत सगळं बिनचूक केलं आणि मिठाचा चमचा हातात धरून तो थांबला. पाणी उकळून उकळून निम्मं झालं. मी म्हटलं, "टाक ना मीठ, काऊन थांबला?" तो आमच्या खिडकीकडं बोट दाखवून म्हणाला, "पोपट कुठं आला अजून?"

त्याला समजावणं कोणालाच जमलं नाही, कारण चूक त्याची नव्हतीच. पाटीवर जे होतं ते तो करत होता. शेवटी टीचर बसनं निर्मलला जाऊन एक लाकडी पोपट घेऊन आल्या आणि खिडकीत ठेवला. नरसिंगनं पोपट पाहिला, मीठ टाकलं. पोपट अजून बसलेलाच होता, म्हणून आणखी एक चमचा टाकलं. मग आणखी एक. तो उपमा कुत्र्यानंही हुंगून सोडला. पुढचे पंधरा दिवस वर्गातलं माझं मुख्य काम हे, की मिठाच्या वेळी पोपट खिडकीत ठेवायचा आणि एक चमचा पडला की झटकन उचलायचा. घरी वडिलांनी विचारलं, आज काय शिकवलं? मी खरं ते सांगितलं. ते बराच वेळ पेपराआड हलत होते. शेवटी टीचरनी पाटीवरच्या पोपटावर निळा ऑइलपेंट फासला. मुलांनी एक दिवस सुतक पाळलं आणि नरसिंग महिनाभर नखानं रंग खरवडून पोपट आत आहे ना, हे पाहत होता.

आमच्या ओळीतली ती वीस वर्षांची म्हणजे बेबी. माझ्याहून एक वर्षानं मोठी, वीतभर उंच, दोन घट्ट वेण्या, लाल फिती. तिचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण ते हाजरी घेतानासुद्धा कोणी घेत नसे. घर मूळचं बाजारहत्नूरकडचं, कापूस-ज्वारीचं. वडील वारल्यावर शेत बटईनं देऊन आई आणि बेबी मोठ्या भावाकडं शहरात आल्या होत्या. भाऊ बँकेत कारकून, अजून लग्न व्हायचं होतं. बेबीची माय तिला रोज सोडायला यायची आणि सोडायचीच नाही. दारात बसून राहायची. बेबीला शिंक आली की हिचा पदर पुढं. मधल्या सुटीत डबा उघडला की भाकर दुधात कुस्करून घास करून तिच्या तोंडात घालायची, आणि वीस वर्षांची बेबी जिनिंगच्या धुराड्याकडं पाहत तोंड उघडायची. टीचर म्हणायच्या, "अम्मा, चेतुलु वेनक्कि." माय हसून म्हणायची, "माह्याच्यानं नाई होत बाई ते." तिच्यावर हसायचा मला काही अधिकार नव्हता. माझीही आई तशीच होती, फक्त तिची माया जरा ओरडून यायची. आणि परवाच माझ्या सुनेनं माझ्या हातातून कढई काढून घेतली, "आई, तुम्ही बसा, भाजेल." प्रेमानंच घेतली. मी बसले, आणि मला बेबीची आठवण आली, त्यातून हे लिहायला घेतलं.

बेबी मंद नव्हती, सावकाश होती. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तिनं शिकवलं. एकदा तिच्या डोक्यात क्रम बसला की तो ब्रह्मदेवालाही हलवता येत नसे. घाई म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. मायच्या समोर ती मला मॅडम म्हणायची, माय पाणी प्यायला गेली की म्हणायची, "ए पोट्टी, रिबीन सुटली माही, बांध." पण तिला दोनच्या पुढं मोजता येत नसे. एक, दोन, आणि मग "लय". म्हणून टीचरनी चिंचोक्यांची युक्ती काढली. उजव्या वाटीत चार चिंचोके ठेवायचे. एक ग्लास पाणी भांड्यात ओतलं की एक चिंचोका उचलून डाव्या वाटीत टाकायचा. उजवी वाटी रिकामी झाली की पाणी बस्स. हे बेबीला इतकं पटलं, की चिंचोका टाकल्यावर ती वाटीकडं पाहून मान डोलवायची, एखाद्या माणसानं शब्द पाळल्यासारखी.

हिवाळ्यात एक दिवस माय दारात बसली नाही, आत आली आणि टीचरच्या समोर रडायलाच लागली. तिच्या पोटात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरनं वर्षापूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं, पण बेबीला कोणावर सोडायचं म्हणून ती आजचं उद्यावर ढकलत होती. आता डॉक्टर म्हणाले होते, होळीच्या पुढं ढकललं तर येऊच नका. दीड-दोन महिने तिला बहिणीकडं नागपूरलाच राहावं लागणार होतं. भाऊ सकाळी साडेनऊला बँकेत जायचा तो संध्याकाळी सहाला यायचा. वर्ग बारा-साडेबारापर्यंत, शेजारीण तिला घरापर्यंत सोडायला तयार होती, पण त्यापुढं दुपारभर बेबी एकटी. म्हणून भावानं हैदराबादच्या एका वसतिगृहाचा फॉर्म आणला होता. "तिथं तिले कोन वळखन?" माय म्हणाली. "बेबी भूक लागली म्हनून सांगत नाई बाई. कोनी समोर ठेवलं त खाते, नाई ठेवलं त तशीच बसते. थे तिथं उपाशी मरन अन् म्या इथं." मागं बेबी चिंचोके लावत बसली होती. तिला किती कळलं, मला सांगता येणार नाही. तिनं मायकडं एकदा पाहिलं.

टीचरनी भावाला बोलावून घेतलं. तो आडदांड, शांत माणूस, खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होता. टीचर म्हणाल्या, हिला दुपारचं जेवण स्वतः करून खाता आलं तर? तो म्हणाला, "मॅडम, मायची शपथ, मलेही नाई पाठवाची तिले. पन आग आहे ती. अन् पोट आहे. एका रविवारी माह्या समोर करून दाखवू द्या. एकटीनं. कोनीही हात लावाचा नाई. जमलं त फॉर्म फाडतो. नाई त मंग मले कोनी बोलू नका." यापेक्षा सरळ बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही.

पदार्थ ठरला ज्वारीच्या कण्या. आमच्याकडं भरडलेली ज्वारी मीठ-पाण्यात शिजवून ताकाबरोबर खातात. चिरणं नाही, फोडणी नाही, पोट भरतं. एक ग्लास कण्या, चार ग्लास पाणी. पुढचे सहा आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. बेबीनं रोज कण्या केल्या, आणि वर्गानं रोज कण्या खाल्ल्या. पहिल्या आठवड्यात करपल्या, दुसऱ्यात कच्च्या राहिल्या, तिसऱ्यात जिनिंगचा कापूस उडून त्यात पडला आणि नरसिंगनं त्याला शेवया समजून खाल्लं. पाचव्या आठवड्यात त्या मोकळ्या, मऊ, वाफाळत्या झाल्या, आणि त्यानंतर एकदाही बिघडल्या नाहीत. स्टोव्ह बेबी लावायची, वाती बेबी कमी करायची, काडी विझवून पाण्याच्या डब्यात बेबी टाकायची. मी घरीही कण्या करून दाखवल्या. आईनं चाखून म्हटलं, "कोनी शिकवलं?" मी म्हटलं, "बेबीनं." वडील म्हणाले, "मंजूर."

तो रविवार आला आणि टीचरना गावी लग्नाला जावं लागलं. त्यांनी मला एकटीला पाठवलं आणि निघताना बोट नाचवून बजावलं, काय ते सांगायला नकोच. बेबीचं घर दोन खोल्यांचं, पुढं ओसरी, मागं परसात मोरी आणि एक म्हातारी गाय. भाऊ ओसरीत खाटेवर बसला, पुढ्यात तो फॉर्म, वर पेपरवेट म्हणून अडकित्ता. माय दाराच्या चौकटीला टेकलेली. मी स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यात, हात मागं. बेबीनं काडी अंगापासून लांब ओढली. स्टोव्ह पेटला. एक ग्लास, एक चिंचोका. दुसरा ग्लास, दुसरा चिंचोका. चौथा चिंचोका डाव्या वाटीत पडला तेव्हा तिनं नेहमीसारखी मान डोलवली. पाण्याला आधण आलं, मीठ पडलं, कण्या पडल्या, चमचा फिरला, झाकण बसलं. मग वाती कमी करून ती ग्लास घासायला परसातल्या मोरीवर गेली, कारण ग्लास घासणं हा तिच्या क्रमातला पुढचा तुकडा होता, आणि बेबी एक ग्लास घासायला किती वेळ लावायची हे मी सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल.

ती गेली आणि माय कसल्याशा निमित्तानं शेजारी गेली. मी एकटी उरले. झाकण थडथडत होतं. मला वाटलं, खाली लागतंय. आता आठवून पाहते तर तो वास स्टोव्हच्या वातींचा होता, पण तेव्हा मला करपल्याचाच आला. सहा आठवडे डोळ्यांसमोरून गेले. हैदराबाद गेलं. मी झाकण उचललं, माठातून ग्लासभर पाणी घेतलं आणि ओतलं. हातानं स्वतःहून केलं असं म्हणायची सोय आहे, पण हात माझेच होते. मग मी तोंड धुवायच्या निमित्तानं ओसरीच्या पायरीवर जाऊन उभी राहिले, चोरासारखी. आतून मायच्या बांगड्या वाजल्या. थोड्या वेळानं भाऊ "प्यायला पानी घेऊन येतो" म्हणून आत गेला आणि आला. बेबी ग्लास घेऊन परतली, झाकणाला हात न लावता स्टोव्हपुढं बसली, आणि अर्ध्या तासानं तिनं भांडं उतरवून ओसरीत आमच्या मधोमध आणून ठेवलं आणि झाकण काढलं.

आत आंबील होती. पातळ, पांढुरकी, हलवली तर डुचमळणारी. चमचा उभा राहायच्या ऐवजी बुडाला. बेबी वाकून भांड्यात पाहत राहिली, खूप वेळ. मग म्हणाली, "हे माह्यं नोहे."

भावानं डोळे मिटून घेतले. "पानी जास्त झालं बेबी," तो अगदी हळू म्हणाला. "होते असं. राहू दे." आणि त्याचा हात फॉर्मकडं गेला. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बेबी उठली, आत गेली, डावी वाटी घेऊन आली आणि भावाच्या तळहातावर उपडी केली. चार चिंचोके. "मोज," ती म्हणाली. त्यानं मोजले. "चार," तो म्हणाला. "मोज," ती पुन्हा म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं, राग होता, आणि तो राग मी पहिल्यांदाच ऐकत होते.  मी बोलले तर परीक्षा बाद, कारण कोणी हात लावायचा नव्हता. नाही बोलले तर बेबी नापास, आणि तीही माझ्या पाण्यात. खरं सांगते, क्षणभर मी गप्प राहायचाच विचार केला. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपली अब्रू फार मोठी वाटते.

"एक ग्लास मी टाकलं," मी म्हणाले. "मला वाटलं लागतंय."

मायनं मान वर केली. "एक म्यानं टाकलं. म्या शेजारी गेलीच नव्हती. दाराआड होती. तू बाहिर गेली, अन् मले वास आला, अन् मले राहवलं नाई वं माय..."

सहा झाले. आम्ही दोघींनी भांड्याकडं पाहिलं. सहा ग्लासांच्या मानानंही ते फारच पातळ होतं. मग आम्ही दोघींनी भावाकडं पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होता, जणू त्याला आत्ताच एखादी एकादशी शोधायची होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "एक माह्यं," तो पुटपुटला. "मले वाटलं, करपल्या त मलेच तिले पाठवा लागन."

मी हसले. नको तेव्हा हसायची मला जन्माची खोड. मग मायही पदर तोंडात कोंबून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, भाऊ कपाळावर हात मारून घेत होता. बेबी हसली नाही, भावाच्या मुठीतले चिंचोके तिनं वाटीत परत घेतले. तिनं भांडं उचललं, परसात जाऊन सगळं गाईपुढं ओतलं, भांडं घासलं, तिच्या वेळानं. आम्ही तिघं तिच्या मागोमाग आत आलो होतो; मग ती आमच्यापुढं येऊन उभी राहिली. "बाहिर," ती म्हणाली. आम्ही ओसरीच्या दारापर्यंत मागं सरकलो. माय रेंगाळली. बेबीनं तिला दंडाला धरलं, घट्ट पण न दुखवता, उंबऱ्यापार नेऊन सोडलं, आणि दार लावून आतून कडी घातली.

वीस वर्षांत बेबी आणि माय यांच्यामध्ये बंद दार कधी आलं नव्हतं. माय त्या दाराकडं पाहत उभीच राहिली. मग जमिनीवर बसली आणि तिला हातांचं काय करावं ते कळेना; मांडीवर ठेवले, पदरात घेतले, पुन्हा मांडीवर. आतून आगपेटीचा आवाज आला आणि ती अर्धी उठली. भावानं तिला खांद्याला धरून बसवलं, पण त्याच्याही पायाचा अंगठा सारखा हलत होता. ग्लास माठात बुडाल्याचा आवाज. वाटीत चिंचोका पडल्याचा बारीक आवाज. आम्ही तिघं मनात मोजत होतो, आणि चौथा वाजल्यावर तिघांनीही एकदम श्वास सोडला. त्यानंतर काहीच ऐकू येईना. ते ऐकू न येणं फार कठीण गेलं. मायनं मला विचारलं, "आता काय करत असन?" मी म्हटलं, "बसली असेल." "नुसती?" "नुसती." मायला ते खरं वाटेना. दोनदा ती दारावर हात ठेवायला गेली आणि दोनदा तिनं तो आपणच मागं घेतला.

कडी निघाली. बेबी बाहेर आली. तिच्या हातात एकच ताट होतं, त्यात मोकळ्या, मऊ कण्यांचा ढीग, त्यावर ताक, कडेला लोणच्याची फोड. ती आमच्यामधून चालत गेली, खाटेवर बसली, फॉर्म बाजूला सारून ताट तिथं ठेवलं आणि जेवायला लागली. स्वतःच्या हातानं, घाई न करता. आम्ही तिघं उभे होतो आणि बघत होतो. मायचं तोंड प्रत्येक घासाला आपोआप उघडत होतं आणि मिटत होतं.

पाच-सहा घास झाल्यावर भाऊ खाकरला. सकाळपासून त्याच्याही पोटात काही नव्हतं, आणि त्या घरात त्याला न वाढता कोणी ताट घेतल्याचं त्यानं कधी पाहिलं नसेल. "बेबी," तो म्हणाला, "अन् आमाले?"

बेबीनं तोंडातला घास नीट चावून गिळला. मग आम्हा तिघांकडं एकेक करून पाहिलं.

"हात नाई का तुमाले?"